चिमी आणि माझं दार

आमच्या मजल्यावर गजराचं घड्याळ कुणाकडेच नव्हतं, कारण त्याची कधी गरजच पडली नाही. सकाळी सहाच्या सुमाराला माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर बाहेरून पहिला चेंडू बसायचा, आत खिळ्याला टांगलेला झारा खाली पडायचा आणि सगळा मजला उठायचा. मग ठप, ठप, ठप, शाळेची वेळ होईपर्यंत. मध्येच आवाज बदलायचा, भिंतीऐवजी लाकडावर काहीतरी आदळायचं, आणि त्याच्या मागोमाग एक बारीक आवाज यायचा, "सॉरी काकू."

ती काकू म्हणजे मी. विमा कंपनीतून रिटायर झालेली, नवरा देवाघरी, मुलगा पुण्यात, आणि तोंड फाटकं असा चाळीत लौकिक असलेली पेडणेकर काकू. लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्याची गॅलरी जिथे संपते तिथे एक आडवी भिंत आहे, आणि त्या भिंतीत डाव्या अंगाला माझं दार. गॅलरीत उभं राहून कुणी चेंडू सरळ मारला तर तो भिंतीवर बसतो. जरा डावीकडे गेला की माझ्या दारावर. घाड्यांच्या चिमीला तेव्हा दुधाचे दात होते आणि तिचा दर चौथा चेंडू डावीकडे जायचा.

मी आतून ओरडायचे, "दार तुझ्या बापाचं आहे का?"

बाहेरून उत्तर यायचं, "नाही काकू." आणि मगच पुढचा चेंडू. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण एकदोनदा मी आंघोळीला गेलेली असताना सॉरी येऊन गेलं आणि माझं ओरडणं काही झालं नाही, तर मी बाहेर येईपर्यंत ही पोर रॅकेट धरून तशीच उभी. "अगं, थांबलीस कशाला?" म्हटलं, तर म्हणाली, "तू बोलली नाहीस ना अजून." मग मी बोलले, आणि तिचा खेळ सुरू झाला.

तिचं कागदावरचं नाव चिन्मयी. काटकुळी, गुडघ्यांवर कायम खपल्या, आणि दोन वेण्यांपैकी एक नेहमी सुटलेली. वडील सुनील घाडी दादरच्या एका जिमखान्यात टेनिसचे मार्कर. म्हणजे कोर्टवर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, रेघा आखायच्या, आणि एखाद्या सभासदाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्या समोर उभं राहून तो मारील तो चेंडू त्याला सोसेल असा परत द्यायचा. माणूस इतका गरीब स्वभावाचा की आयुष्यात त्याने समोरच्याला न झेपणारा चेंडू दिला नसेल. घरी येताना तो केस झडलेले जुने चेंडू पिशवीत घालून आणायचा. चाळीतल्या पोरांनी त्यांचं क्रिकेट केलं. चिमीने एका सभासद बाईंनी टाकून दिलेली रॅकेट उचलली आणि माझी भिंत धरली.

रॅकेटची मूठ तिच्या हातात मावत नव्हती आणि घामाने निसटायची. तिची आई सुनंदा हिंदमाताला साडीच्या दुकानात कामाला. तिने मुठीला साडीचा फॉल गुंडाळून दिला. नंतर मोठमोठ्या स्पर्धांमध्ये चिमीकडे चांगल्या रॅकेटी आल्या तरी फॉल कायम राहिला, फक्त रंग बदलायचा. फायनलला लाल, नाहीतर मोरपंखी. समोरच्या मुली विचारायच्या की ही ग्रिप कुठल्या कंपनीची, आणि चिमी गंभीर चेहऱ्याने हिंदमाताच्या दुकानाचा पत्ता द्यायची.

आता गॅलरीत खेळायचं म्हणजे काय, ते चाळीत न राहिलेल्यांना सांगायला हवं. एका बाजूला दारं, दुसऱ्या बाजूला कठडा आणि त्यावर वाळत घातलेली धुणी. मध्ये जेमतेम दोन माणसं एकमेकांना चुकवून जातील एवढी वाट, त्यातही प्रत्येक दारासमोर चपलांचा ढीग. चेंडू कठड्यावरून खाली गेला की चौकात, आणि आणायचा तो ज्याने घालवला त्याने. त्यामुळे या मुलीचा फटका जन्मापासून सुतात होता. आडवंतिडवं तिला माहीतच नव्हतं. जिमखान्याच्या सरांनी घाडींच्या शब्दाखातर तिला शिकवायला घेतलं, तेव्हा पहिले काही दिवस ते नुसते डोकं धरून बसले. "अगं, कोर्ट एवढं रुंद आहे, ते वापर की," ते म्हणायचे. चिमी म्हणाली, "सर, एवढं रुंद बघून मला गरगरतं." उजवीकडून डाव्या कोपऱ्यात मारायला सांगितलं की तिचा हात आखडायचा. सरांना कारण कळेना. मला कळत होतं. डावीकडे माझं दार होतं.

दुसरी तिची खोड पायाची. समोरचीची सर्व्हिस घ्यायला उभी राहिली की आधी उजव्या पायाने जमिनीवरचं काहीतरी बाजूला सारायची, मग डाव्या पायाने, आणि मग वाकून तयार. कोर्टवर तर काडीसुद्धा पडलेली नसायची. सरांना वाटलं हा काही तोडगा आहे, मोठे खेळाडू करतात तसला. तो तोडगा नव्हता, त्या चपला होत्या. ती चाळीतल्या सगळ्यांच्या चपला सारून मग खेळायची.

आणि हरली तर रडायची नाही. घरी येऊन बॅग टेकवायची आणि म्हणायची, "पडला खाली. आणते जाऊन." एवढंच. मग दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा माझा झारा खाली.

तिची पहिली मोठी स्पर्धा दादरलाच होती, बारा वर्षांखालच्या मुलींची. चाळीत बातमी पसरली आणि आमच्या मंडळाचे अध्यक्ष नाना लाड कामाला लागले. नाना लाड म्हणजे आरतीच्या वेळी ज्यांचा आवाज समोरच्या चाळीत पोचतो आणि तिथले लोक तिथून टाळ्या धरतात, ते. मंडळाचा टेम्पो निघाला. आम्ही सगळे गेलो, मीही गेले, म्हणजे पोरीला उन्हाची टोपी घाल एवढंच सुनंदाला सांगायला म्हणून निघाले आणि टेम्पोत बसले.

कोर्टवर पोचल्यावर नानांनी पिशवीतून नारळ काढला. त्यांच्या दृष्टीने यात विचारण्यासारखं काहीच नव्हतं. नवीन मिक्सर आणला तरी आमच्याकडे नारळ फुटतो, ही तर पोरीची पहिली स्पर्धा. ते आत गेले, उदबत्ती लावायला जागा दिसली नाही म्हणून ती राहिली, आणि कोर्टच्या कोपऱ्यात, बरोबर जिथे दोन पांढऱ्या रेघा मिळतात तिथे, त्यांनी नारळ आपटला. एका फटक्यात फुटला. शुभशकुन म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. पाणी सगळं रेघेवर.

स्पर्धेचे मुख्य पंच कुठूनसे धावत आले. वयस्कर गृहस्थ, पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी. "हे काय आहे?" ते म्हणाले.

"प्रसाद आहे, घ्या," नाना म्हणाले आणि त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. प्रसाद म्हटल्यावर पंचांची पंचाईत झाली. त्यांनी तो डोक्याला लावला, तोंडात टाकला, आणि तोंड भरलेलं असल्यामुळे पुढचं रागवणं बरंच कमी झालं. सामना शेजारच्या कोर्टवर हलवला. समोरची मुलगी कुठल्याशा मोठ्या शाळेतली, तिलाही नानांनी खोबरं दिलं आणि तिने ते आवडीने खाल्लं. चिमी शरमेने लाल झाली होती. मग सामना सुरू झाला आणि समोरचीचा चेंडू जाळीत गेला की आमची माणसं टाळ्या वाजवायला लागली. पंचांनी येऊन सांगितलं की प्रतिस्पर्ध्याच्या चुकीला टाळी वाजवत नाहीत. नानांनी मनापासून विचारलं, "मग नेमकी कधी वाजवायची?"

चिमी ती स्पर्धा जिंकली. पण बक्षीस घेऊन टेम्पोत बसल्यावर सगळ्यांकडे बघून म्हणाली, "पुढच्या वेळी कुणी यायचं नाही. शप्पथ." आणि आम्ही गेलो नाही. ती मात्र जातच राहिली. चौदाखालच्या, मग सोळाखालच्या. जुन्या रॅकेटी, त्यांचे फॉल आणि घाडींनी आणलेले चेंडू सगळं एका बॅगेत, आणि ती बॅग घरात पलंगाखाली मसाल्याच्या बरण्यांशेजारी. मे महिन्यात सुनंदाचा वर्षाचा मसाला दळून आला की बॅग उघडताच तिखटाचा भपकारा अंगावर येत असे. बेळगावला एका उपांत्य सामन्यात ही मधल्या सुट्टीत टॉवेल झटकायला गेली आणि वर उंच खुर्चीवर बसलेल्या पंचबाई शिंकायला लागल्या. नंतर तिचा एक चेंडू बाहेर गेला तेव्हा त्या 'आऊट' म्हणायला तोंड उघडत होत्या आणि शिंक येत होती. चिमीने स्वतःच बोट वर केलं, "मॅडम, बाहेर आहे, तुम्ही शिंका आरामात." हे तिने मला गॅलरीत सगळ्या हावभावांसकट करून दाखवलं, शिंका धरून. त्या दिवशी ती हरली होती, ते सगळ्यात शेवटी सांगितलं.

अठरा पूर्ण झाली आणि ज्युनिअरचं दार बंद झालं. टेनिसमध्ये हे फार वाईट असतं म्हणे. काल तुम्ही राज्यात पहिल्या पाचात, आणि आज मोठ्यांच्या स्पर्धेत तुम्हाला कुणी ओळखत नाही. तिथे मुख्य फेरीतला एक सामना जिंकला की पहिला पॉइंट मिळतो, जगाच्या वहीत खातं उघडतं. तो एक पॉइंट मिळेना. ती इंदूरला गेली, सोलापूरला गेली, आणि परत येऊन बॅग टेकवत राहिली. "पडला खाली."

तेवढ्यात एका सरकारी ऑफिसातून तिला खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी चालून आली. घाडी माझ्याकडे आले. ते कधी खुर्चीवर बसायचे नाहीत, त्या दिवशी बसले.

"काकू, तुमी जरा सांगा तिका," ते म्हणाले. "बरी नोकरी चलान इली हा. आणि ह्यां म्हणता, नको."

चिमी दारात उभी होती, माझ्याच दाराला टेकून. "बाबा, मी नको नाही म्हणाले. मुंबईची टूर्नामेंट होऊ दे, एवढंच म्हणाले."

"आणि त्यात काय झाला नाय तर?"

"मग जॉइन होते. एक शब्द नाही बोलणार. काकू विटनेस."

घाडी माझ्याकडे बघायला लागले. विमा कंपनीत मी आयुष्यभर पक्की नोकरी केली, पेन्शन खाते, मी काय सांगणार याची त्या माणसाला खात्री होती. मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले. भिंतीवर आतून हात लावला, तर तिथला गिलावा ठोके खाऊन खाऊन फुगला होता. बाहेर येऊन म्हटलं, "घाडी, पोरीला ती स्पर्धा खेळू द्या. नोकरी कुठे पळून जात नाही." खरं म्हणजे नोकऱ्या पळून जातात, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

स्पर्धा गिरगावच्या पुढे, समुद्राच्या बाजूच्या एका जिमखान्यात होती. पात्रता फेरीचे सामने चिमी एकटी जाऊन खेळली आणि जिंकली. मुख्य फेरीत पोचली. त्या संध्याकाळी ती गॅलरीत उभी राहून म्हणाली, "उद्या नाही, परवा माझी मॅच आहे. या सगळे." गॅलरीत कुणाचा विश्वास बसेना. "पण आवाज नाही. पॉइंट चालू असताना एक आवाज झाला तर मी मॅच सोडून घरी येईन. आणि नारळ नाही."

नाना लाडांनी हे मनावर घेतलं. त्यांना कुठलीही गोष्ट रंगीत तालीम केल्याशिवाय करता येत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गप्प बसण्याची तालीम लागली. सगळ्यांनी जिन्यावर आणि दारांसमोर बसायचं, गॅलरीत घाडी आणि चिमी चेंडू खेळणार, आणि ज्याच्या तोंडून आवाज निघेल तो उद्याच्या टेम्पोतून बाद. पहिले बाद झाले नाना. घसा खाकरला. त्यांनी अध्यक्ष म्हणून स्वतःला एक संधी दिली आणि पुन्हा खाकरले. तिसऱ्या वेळी त्यांच्या खिशातला फोन वाजला आणि सगळ्या मजल्यावर घंटा घणघणल्या. मग ठरलं की नाना येतील, पण खडीसाखर तोंडात धरून आणि फोन घरी ठेवून. तळमजल्यावरच्या दुकानातला मसाला कुटायचा डंक चालू होता, तोही नानांनी खाली जाऊन बंद करवून आणला. त्या संध्याकाळी आमची चाळ इतकी शांत झाली की शेजारच्या चाळीतून माणूस विचारायला आला, कोण गेलं.

मी एकदाही बाद झाले नाही. तोंडात रुमालाचा बोळा धरला होता.

सामन्याच्या दिवशी आम्ही टेम्पोतून उतरलो तेच चोरांसारखे. ओळीने आत गेलो, पायऱ्यांवर बसलो. समोर चिमीची प्रतिस्पर्धी परदेशातली, चिमीपेक्षा दीड वीत उंच, पाठीवर जाड वेणी. नाव आम्हाला कुणाला उच्चारता येईना, म्हणून ती आमच्यापुरती वेणी. चिमीच्या रॅकेटला मोरपंखी फॉल. तिने पायाने आमच्या सगळ्यांच्या चपला बाजूला सारल्या आणि वाकून उभी राहिली.

पहिला सेट वेणीने घेतला, आणि फार लवकर घेतला. चिमी सरळ मारत होती, नेहमीसारखी, आणि वेणीला ते दोन गेममध्येच कळलं. ती आधीच तिथे जाऊन उभी राहायची. आम्ही शिकवल्याप्रमाणे गप्प. आम्ही इतके गप्प की दोन पॉइंटांच्या मध्येही कुणी बोलेना, टाळीही कुणी वाजवेना, कारण ती नेमकी कधी वाजवायची हे कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं आणि चूक करण्यापेक्षा न वाजवलेली बरी. समुद्रावरून वारा येत होता. घाडी माझ्या शेजारी मांडी घालून, हात जोडून बसले होते. नानांची खडीसाखर संपली होती आणि ते ओठ मिटून लालबुंद झाले होते.

दुसऱ्या सेटमध्ये चिमीने एकदा धीर करून डावीकडे मारला. चेंडू हातभर बाहेर गेला. तिने पायऱ्यांकडे बघितलं आणि ओठ हलले. ऐकू आलं नाही, पण मला ते ऐकायची गरज नव्हती. सॉरी काकू.

मी रुमाल दातात घट्ट धरला. तालमीत मी पहिली आलेली.

ती सर्व्हिस करायला उभी राहिली. चेंडू आपटला, परत आपटला, आपटतच राहिली. सर्व्हिस करेना. खुर्चीवरच्या पंचांनी वेळेची ताकीद दिली. तिने कशीबशी सर्व्हिस केली, ती जाळीत. दुसरी केली, तीही जाळीत. सगळीकडे शांत. आणि चिमी मान जराशी तिरकी करून उभी राहिली, डावा कान आमच्याकडे. ही अशी उभी मी तिला हजार वेळा बघितली होती, दाराच्या फटीतून, आंघोळीहून बाहेर येताना. ती थांबली होती. मी बोललेच नव्हते ना अजून.

मी उठले, रुमाल काढला आणि विमा कंपनीच्या कॅन्टीनमध्ये टोकाच्या टेबलापर्यंत पोचणाऱ्या आवाजात ओरडले, "दार तुझ्या बापाचं आहे का?"

सगळा जिमखाना माझ्याकडे वळला. वेणी वळली. पंच माइकमध्ये इंग्रजीत शांत राहायला म्हणाले. घाडी खालच्या आवाजात म्हणाले, "काकू, माजा नाव कित्याक काढलात?"

पण कोर्टवर चिमीचे खांदे खाली आले. हसली, दात दाखवून, दुधाचे असतानाचं हसू. आणि पायऱ्यांकडे बघून मोठ्याने म्हणाली, "नाही काकू."

त्यानंतर आमचे लोक आटोक्यात राहिले नाहीत. पॉइंट चालू असला की चिडीचूप, आणि पॉइंट संपला की नानांनी दोन दिवस कोंडून ठेवलेलं सगळं बाहेर. टाळ्या कधी वाजवायच्या ते एका क्षणात सगळ्यांना कळलं. चिमीने दुसरा सेट घेतला. तिसऱ्यात चेंडू डावीकडे जायला लागला. आधी बाहेर, मग रेघेजवळ, मग आत. प्रत्येक वेळी सॉरी काकू, प्रत्येक वेळी मी, प्रत्येक वेळी घाडींचा उद्धार होत होता. त्यांनी शेवटी कानांवर हात ठेवले, पण बोटं फाकवून.

शेवटचा पॉइंट मला अजून दिसतो. लांब चालला. चिमी उजव्या कोपऱ्यात ओढली गेली होती, पळत चेंडूवर पोचली, आणि वेणी सरळ फटक्यासाठी आधीच सरकली. चिमीची रॅकेट अजून मागेच होती, चेंडूला लागलीही नव्हती, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "सॉरी काकू." चेंडू तिरका निघाला आणि डाव्या कोपऱ्यात, माझ्या दारावर बसला. वेणी जागची हललीसुद्धा नाही.

मला रडू आलं. सांगायला लाज कसली. मी रडत होते, सुनंदा रडत होती, आणि नाना लाडांच्या तोंडून जो आवाज निघाला त्याने समुद्राकडचे कावळे उडाले. नारळ त्यांनी आणलेलाच होता, पिशवीत सतरंजीखाली लपवून. या वेळी फाटकाबाहेर फुटपाथच्या कडेवर फोडला. खोबरं घ्यायला पंच आले, वेणी आली. वेणीने चिमीला विचारलं की काकू हे तुझ्या कोचचं नाव आहे का. चिमी म्हणाली, "नो, शी इज माय वॉल." मला त्याचा अर्थ कळायला टेम्पो परळपर्यंत यावा लागला.

घाडींनी घरी येऊन चपला काढल्या आणि माझ्या दारात उभे राहिले. "काकू, नोकरी जांवदे," म्हणाले. "हिचा खाता उघडला." आणि ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाला न झेपणारा चेंडू दिला नाही, तो भिंतीला हात लावून हुंदके देऊन रडला. मी चहा टाकला.

मग ती गेली. आधी पुण्याला एका अकादमीत, तिथून बाहेरच्या देशांत. आज या गावी, पुढच्या आठवड्यात त्या गावी, कधी दुसऱ्या फेरीत, कधी तिसऱ्या, पॉइंट एकेक करून जमवत. फोन येतो, तो बहुतेक विमानतळावरून. "काकू, इथे वरणभातच मिळत नाही, शप्पथ." भिंत शांत झाली. मी पहिल्यांदा आठ वाजता उठले तेव्हा घाबरून घरभर फिरले, मग हिंदमाताला जाऊन गजराचं घड्याळ आणलं. ते वाजतं, पण झारा काही पडत नाही.

परवा दुपारी सुनंदा फोन घेऊन पळत आली. चिमीची मॅच कुठल्याशा लांबच्या गावातून फोनवर दिसत होती. एकच कॅमेरा, उंचावर कुठेतरी टांगलेला, ना समालोचन ना गुण. प्रेक्षक म्हणजे रिकाम्या पायऱ्यांच्या कडेला छत्री घेतलेला एक म्हातारा आणि त्याचं कुत्रं. आम्ही सगळे माझ्या खोलीत, फोन डब्याला टेकवून. कोण जिंकतंय ते कळायला मार्ग नव्हता. नाना म्हणाले, चिमीच, चालीवरून दिसतं. घाडी हात जोडून बसले होते.

ती कॅमेऱ्याकडे तोंड करून, आमच्याकडे तोंड करून खेळत होती. दंडाचा आकार बदललेला, वेणी आता एकच, पण तीही सुटायला आलेली. मुठीवर लाल फॉल. उजव्या पायाने चप्पल सारली, डाव्या पायाने सारली. चेंडू आला, तिने डावीकडे मारला, आणि तो बराच बाहेर गेला. चेहरा बारीक दिसत होता, आवाज तर नव्हताच. पण तिचे ओठ हलले. मग सर्व्हिस तिच्याकडे आली, तर ती मान तिरकी करून त्या रिकाम्या पायऱ्यांसमोर उभी राहिली, आणि खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

नेहमीचं वाक्य जिभेवर आलं होतं. ते निघालंच नाही.

"तुझंच आहे गं दार," मी फोनला म्हटलं. "मार."

तिकडे चिमीने मान सरळ केली, चेंडू दोनदा आपटला, आणि हात वर नेला.